फावल्या वेळातला कोड कोणाचा? एका तरुण इंजिनिअरचं प्रकरण

हे प्रकरण मी लांबून पाहिलेलं नाही. त्यातली एक ठळक चूक माझी आहे, आणि ती मी लपवणार नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय त्यानं मजकूर वाचून ‘चालतंय’ म्हटलेलं आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून गाव आणि तारखा थोड्या हलवल्या आहेत. कंपनीचं नाव देत नाही, त्याचंही देत नाही. आमच्या टीममध्ये सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे. हा रुजू झाला त्या दिवशी कँटीनमध्ये कुणाला तरी ‘काय पाव्हणं, झालं का जेवान?’ म्हणाला आणि ते नाव त्यालाच चिकटलं. इथंही तेच वापरतो.

पार्श्वभूमी

पाव्हण्याचं घर कृष्णाकाठी, कऱ्हाडच्या आसपास. घरचा धंदा छापखान्याचा. आजोबा खिळे जुळवून ट्रेडल या जुन्या छपाईयंत्रावर छापायचे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, २००० च्या सुमारास कर्ज काढून कॉम्प्युटर आणि मिनी ऑफसेट घेतलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, हरिनाम सप्ताहाचे जमाखर्च आणि पाच वर्षांतून एकदा निवडणुकीची पत्रकं, एवढ्यावर घर चालायचं.

प्राथमिक शाळेत असताना पाव्हण्याचं काम होतं पत्रिकांना सोनेरी गोंडे बांधायचं. शेकड्याला दहा रुपये. सातवीत गेल्यावर अण्णांनी प्रुफं हातात दिली. त्यामुळे या मुलाचं शुद्धलेखन आमच्या सगळ्या टीमपेक्षा चांगलं होतं, आणि ‘चि. सौ. कां.’ मध्ये टिंब कुठं आणि अनुस्वार कुठं यावर तो दहा मिनिटं बोलू शकायचा. छंद म्हणून त्यानं छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. आजोबांच्या काळातल्या हळदी-कुंकवाच्या रंगातल्या एकपानी पत्रिका, मग लॅमिनेशनच्या, मग ‘कृपया आहेर आणू नये’ लिहायची पद्धत आली तेव्हाच्या, मग ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’वाल्या. दुसरा छंद भजनात ढोलकी वाजवायचा, आणि तिसरा रविवारी उठून वसंतगड नाहीतर सदाशिवगड गाठायचा. या दोन्हींचा या प्रकरणाशी संबंध नाही. मुलाखतीत ‘छंद काय?’ विचारल्यावर त्यानं तेच दोन सांगितले होते, ट्रंकेचं सांगितलंच नव्हतं. त्याला तो छंद वाटतच नव्हता.

शिक्षण सांगलीकडच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चेहरा ओळखून हजेरी लावायचा होता. त्या वर्षी निम्म्या वर्गाचा तोच होता, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कॅम्पसमधून आमच्याकडे निवड झाली, पॅकेज साडेतीन लाख. २०१९ च्या जुलैत हिंजवडीत रुजू झाला. पहिल्या दिवशी एचआरनं चौतीस पानांचा करार पुढं ठेवला, प्रत्येक पानावर सही. त्याच्या मागे रांगेत वीसेक मुलं होती. सगळ्यांनी केल्या तशा त्यानंही केल्या.

माझ्या टीममध्ये त्याचं काम एका विमा प्रणालीचे रात्री चालणारे जावा प्रोग्रॅम सांभाळायचं. तिकीट (चुकीची तक्रार) आलं, चूक शोधली, दुरुस्त केली, तिकीट बंद. काम नीटनेटकं करायचा. त्यात जीव ओतायचा असं मात्र म्हणता येणार नाही, आणि ओतण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

कन्व्हर्टर कसा जन्माला आला

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. पाव्हणा कंपनीचा लॅपटॉप घेऊन गावी गेला. छापखान्याची कमाई खरी एप्रिल-मेच्या लग्नसराईत. त्या वर्षी सगळी लग्नं पुढं ढकलली गेली, जी झाली ती अंगणात. त्यातच अण्णांच्या जुन्या मशीनचा मदरबोर्ड गेला.

हार्डडिस्क शाबूत होती, सगळ्या फाइली होत्या. वाचता मात्र येईनात. जुनं मराठी सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या एका किल्लीवर चालायचं, आणि ते डोंगल प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लागायचं. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. चुलत्याच्या एका जुनाट कॉम्प्युटरवर पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) कसाबसा चालू झाला, त्यातून मजकूर बाहेर काढता आला. पण फॉन्ट नसल्यानं पडद्यावर दिसायची ती रोमन अक्षरं, चौकोनी कंस आणि युरोपातली टोप्या घातलेली अक्षरं यांची खिचडी.

छापखान्यात नसलेल्या माणसाला वाटेल, जुनी पत्रिका कुणाला हवी? पण तालुक्याच्या गावातला धंदा चालतो तो ‘मागच्या वर्षीसारखंच करा, फक्त तारीख बदला’ या वाक्यावर. सोसायटीचा अहवाल, सप्ताहाची पत्रिका, पतसंस्थेची नोटीस, सगळं जुन्यावरच नवं चढवायचं. वीस वर्षांचा मजकूर गेला म्हणजे दर गिऱ्हाइकामागे दोन तास नव्यानं टायपिंग आलं. त्यात अण्णांची नजर अधू झालेली.

मग पाव्हण्यानं पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला: जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात आणायचा. असे कन्व्हर्टर आधीही होते, आजही आहेत. अण्णांच्या त्या ठरावीक फॉन्टला धड बसणारा त्याला सापडला नाही, एवढंच.

वरवर पाहता काम कोष्टकाचं वाटतं: हा चिन्हक्रमांक म्हणजे हे अक्षर. तसं नाही. जुन्या फॉन्टकडे जागा २५६, त्यातल्याही काही वापरता न येणाऱ्या. एवढ्यात मराठीची जोडाक्षरं कशी बसवणार? म्हणून त्यांनी अक्षरांचे तुकडे केले. अर्धा ख, त्याला काना जोडला की पूर्ण ख. म्हणजे काना दिसला तर तो खरा काना की अक्षराची दांडी, हे आधी ठरवायचं. दुसरी भानगड क्रमाची. जुना फॉन्ट डोळ्याला दिसतं त्या क्रमानं साठवतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमानं. ‘स्थिती’ मधली पहिली वेलांटी कागदावर ‘स्थ’च्या आधी येते, युनिकोडात नंतर. तेव्हा वेलांटी उचलायची आणि अख्खं जोडाक्षर ओलांडून पलीकडे ठेवायची. रफार याच्या उलट: ‘सूर्य’ मधला रफार जुन्या फाइलीत ‘य’नंतर येतो, युनिकोडात त्याला ‘य’च्या अलीकडे न्यावं लागतं, आणि ‘वर्षी’ असेल तर मधली वेलांटीही ओलांडून.

हे सगळं त्यानं दीडेक महिन्यात जमवलं. तपासायला मजकूर भरपूर: हार्डडिस्कवरच्या चारेक हजार फाइली, आणि ताळा पाहायला ट्रंकेतल्या छापील प्रती. अशी चाचणीची सोय मोठ्या कंपन्यांनाही सहजी मिळत नाही.

एक चूक मात्र राहिली, आणि ती पकडली अण्णांनी. सप्ताहाचा जुना जमाखर्च रूपांतर करून त्यानं अण्णांना वाचायला दिला. खर्चाच्या बाजूला ओळ होती, ‘आचाऱ्यांची मजुरी’. प्रोग्रॅममधून बाहेर आली ती ‘आचार्यांची मजुरी’. अण्णा म्हणाले, “अरं, स्वयंपाक्याला शंकराचार्य केलास की!” खाली पत्त्यात ‘ता. कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ झालेलं. मराठीत ‘र’ला जोडून ‘य’ किंवा ‘ह’ आला तर रफारही होऊ शकतो आणि तो आडवा, पापणीसारखा अर्धा ऱही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हिंदीत हा भेद नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढं ठेवून केलेली बरीच साधनं इथं पडतात. त्यानंही कोष्टकात त्या पापणीच्या चिन्हापुढं साधा पाय मोडलेला र लिहून ठेवला होता, आणि पुढं य किंवा ह आला की युनिकोड त्याचा रफार करणारच. युनिकोडात पापणीचा ऱ दोन तऱ्हांनी लिहितात: ०९३१ क्रमांकाचा नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साधा र, पाय मोडायचा आणि पुढच्या अक्षराआधी न दिसणारं जोडचिन्ह ठेवायचं. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. त्यानं पहिली पद्धत धरली आणि दुसरीतला मजकूर आला तर पहिलीत बदलायची सोय केली.

ऑगस्ट २०२० मध्ये त्यानं हे सगळं गिटहबवर, कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, खुलं टाकलं. परवान्याची यादी समोर आली, त्यातला एमआयटी (कोड कुणालाही वापरू देणारा) निवडला. का? ‘सगळे तोच घेतात’ म्हणून. हळूहळू तीन बाहेरचे लोक त्यात भर घालू लागले. त्यातले एक निवृत्त मुद्रितशोधक होते. त्यांना कोड येत नव्हता, पण ते चुकीच्या शब्दांच्या याद्या पाठवायचे, आणि माझ्या मते त्या कोडपेक्षा मोलाच्या होत्या.

माझा वाटा

सुरुवातीच्या दिवसांत त्यानं मला फोनवर विचारलं होतं. ‘सर’ म्हणू नकोस असं शंभरदा सांगूनही तो सरच म्हणायचा. “सर, घरचा पीसी बंद पडलाय. पप्पांच्या, म्हणजे अण्णांच्या कामाचं एक थोडं लिहितोय. कंपनीच्या लॅपटॉपवर केलं तर चालेल ना?” मी बहुधा दुसऱ्या कॉलवर होतो. म्हणालो, “कर की. तिकिटं वेळेवर होतायत ना? मग कोण विचारतंय?”

ना त्यानं मेल टाकला, ना मी टाक म्हणालो. मला तेव्हा बारा वर्षांचा अनुभव होता, त्याला एकही पुरतं नाही.

अडचण

जानेवारी २०२२. सहकार क्षेत्रातल्या एका मोठ्या संस्थेचं काम आमच्याकडे येऊ घातलं होतं. त्यांचे जुने ठराव, सभांची इतिवृत्तं, सभासदांच्या नोंदी, सगळं जुन्या फॉन्टांत अडकलेलं. प्रस्तावाच्या बैठकीत मी फुशारकीनं सांगितलं, “आपल्याकडे हे करणारा पोरगा आहे, तयार टूल आहे.” वरच्यांचे चेहरे खुलले. मलाही वाटलं, पोराचं नाव होईल.

प्रस्ताव लीगलकडे गेला. तिथल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला: हे टूल कोणाचं?

त्यांनी गिटहब उघडून पाहिलं होतं. दोनशेबारा कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी. त्यातल्या एकसष्ट कमिटवर पाव्हण्याचा कंपनीचा ईमेल पत्ता. कारण साधं होतं: कंपनीच्या लॅपटॉपवर गिट (या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवताना नाव आणि ईमेल एकदाच टाकलेले असतात, मग कुठल्याही फोल्डरमध्ये कमिट करा, तेच चिकटतात. काही कमिटची वेळ सकाळी अकरा, दुपारी तीन. जेवणाच्या सुट्टीत केलं असेल, तिकीट नसताना केलं असेल. ते कमिटमध्ये लिहिलेलं नसतं.

मॅडमनी मग कराराचं एकोणिसावं पान काढलं. नोकरीच्या काळात कर्मचाऱ्यानं निर्माण केलेलं सगळं, कामाच्या वेळेत असो वा नसो, कंपनीच्या मालकीचं. आणि स्वतंत्र ओळ: कंपनीच्या साधनांवर तयार केलेलं तर निश्चितच.

संध्याकाळी मी पाव्हण्याला फोन केला. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे अण्णांच्या पत्रिका कंपनीच्या?”

कायदा काय म्हणतो

थोडक्यात. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगणकाचा प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’ धरला जातो, त्यामुळे कविता आणि कोड एकाच खणात. कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. सगळा वाद ‘नोकरीच्या ओघात’ या शब्दांवर. विम्याचे प्रोग्रॅम सांभाळायला ठेवलेल्या माणसानं वडिलांच्या छापखान्यासाठी लिहिलेला कन्व्हर्टर त्या ओघात येतो का? साध्या वाचनात नाही असंच वाटतं. पण त्यावर करारानं जाळं आणखी लांब फेकलेलं, आणि अशी कलमं कुठवर टिकतात हे कोर्टात गेल्याशिवाय ठामपणे सांगणं वकीलही टाळतात. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी आणि कोणती कृती ते नमूद करून द्यावा लागतो. ‘सगळंच’ या एका शब्दात ते बसतं का, हाही प्रश्नच.

साडेतीन लाख पगाराचा पोरगा हे कोर्टात लढवणार नव्हता, आणि कंपनीलाही लढायचं नव्हतं. पण उत्तर कागदावर नाही म्हणून प्रस्ताव अडला, आणि तो अडला म्हणून सगळ्यांचं लक्ष पाव्हण्यावर.

समोरचे पर्याय

त्या रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. आवाजात घाई. “सर, मी हिस्टरी पुन्हा लिहितोय. ते एकसष्ट कमिट माझ्या जीमेलवर घेतो, वेळा बदलतो. कमांड टाइप करून ठेवलीय, फक्त एंटर मारायचाय.”

हा पहिला पर्याय, आणि सर्वांत घातक. घातक का, ते त्याला नीतीच्या भाषेत सांगून उपयोग नव्हता, म्हणून गिटच्या भाषेत सांगितलं. प्रत्येक कमिटची खूण तिच्या आधीच्या कमिटवरून बनते. मधला एक बदलला की पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. बाहेरच्या तिघांकडे जुन्या प्रती आहेत, लीगलकडे स्क्रीनशॉट आहेत. उद्या दोन्ही शेजारी ठेवले की दिसणार काय? तू वडिलांसाठी काहीतरी लिहिलंस हे नाही, तू पुरावा बदललास हे. आत्ता तुझ्याकडे निष्काळजीपणा आहे, एंटर मारल्यावर लबाडी असेल. तो म्हणाला, “मग काय करू?” मी म्हणालो, “लॅपटॉप बंद कर आणि झोप.” तो झोपला नाही, पण एंटर मारला नाही.

दुसरा पर्याय लीगलनं सुचवला: सगळं कंपनीच्या नावावर लिहून दे, रेपो (गिटहबवरची कोडची जागा) बंद कर. दिसायला सोपा. पण त्यात बाहेरच्या तिघांचं योगदान होतं, ते लिहून द्यायचा पाव्हण्याला अधिकारच नव्हता. शिवाय एमआयटी परवान्याखाली लोकांनी दीड वर्ष प्रती नेल्या होत्या, त्या परत बोलावता येत नाहीत. हे मॅडमनी लगेच मान्य केलं. त्यांच्याबद्दल माझं मत तिथं बदललं. तोवर मी त्यांना अडवणारी बाई समजत होतो.

तिसरा: स्वतःच्या मशीनवर, सुट्टीच्या दिवशी सगळं शून्यापासून पुन्हा लिहायचं. पाव्हण्याला हा आवडला होता. पण लिहिणारा तोच, डोक्यात कोड तोच, आणि करारातलं ‘वेळेत असो वा नसो’ तसंच उभं. कष्ट दुप्पट, प्रश्न जागच्या जागी.

चौथा: राजीनामा. त्यानं प्रश्न सुटत नाही; जे लिहिलं ते नोकरीत असतानाच लिहिलेलं. अण्णांनी मात्र हाच सुचवला होता. “असल्या लोकांत कशाला राहायचं?” असं ते म्हणाल्याचं पाव्हण्यानं सांगितलं. घरावर ऑफसेटचं कर्ज अजून होतं.

पाचवा पर्याय कुणाच्याच डोक्यात नव्हता, तो बोलता बोलता निघाला. कंपनीला हवं काय? टूल वापरायला. ते तर एमआयटी परवान्यानं कुणालाही वापरता येतं, अट एवढीच की मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा. मग कंपनीनं ‘या कामावर आमचा दावा नाही’ असं लेखी द्यावं आणि परवान्याप्रमाणे वापरावं. मालकी मागायचं कारणच उरत नाही. पाव्हण्यानं दीड वर्षापूर्वी डोळे झाकून निवडलेला परवाना इथं नशिबानं उपयोगी पडला. जीपीएल हा दुसरा खुला परवाना असता तर सुधारलेलं टूल ग्राहकाला देताना कोडही त्याच अटींवर द्यावा लागला असता, आणि वरचे तेवढ्यावरच बिचकले असते.

काय केलं

पाव्हण्याला मी एक मेल लिहायला लावला. वकिली भाषा नको, घडलं ते तारीखवार: घरचा पीसी कधी बंद पडला, लॅपटॉप कधीपासून कधीपर्यंत वापरला, कोणते कमिट त्यावरचे, त्यात कंपनीचा किंवा ग्राहकाचा एक शब्दही नाही. त्यानं पहिल्या मसुद्यात माझ्याशी झालेलं बोलणं गाळलं होतं. मला वाचवायला. मी ते घालायला लावलं आणि खाली माझा मेल जोडला: होय, यानं विचारलं होतं, मी तोंडी हो म्हणालो, तसं म्हणायचा अधिकार मला नव्हता. तो मेल पाठवायला मला दोन दिवस लागले, हेही सांगून टाकतो.

रेपोच्या माहितीपानावर त्यानं दोन ओळी टाकल्या की मालकीबद्दल स्पष्टता येईपर्यंत नवी भर स्वीकारणं थांबवलं आहे. बाहेरच्या तिघांना वेगळं कळवलं. पुढचं काम सेकंडहँड घेतलेल्या स्वतःच्या लॅपटॉपवर. गिटमध्ये ईमेल फोल्डरनुसार वेगळा ठेवता येतो, ती सोय त्यानं तेव्हा शिकून घेतली. मीही तेव्हाच शिकलो.

मग वाट पाहणं. लीगल, एचआर, पुन्हा लीगल, मग मुख्यालय. अकरा आठवडे. मधल्या काळात त्याच्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर कुणीतरी ‘बाहेरच्या कामांत लक्ष’ असा शेरा मारला. मी हरकत घेतली. शेरा निघाला, रेटिंग मात्र होतं तिथंच राहिलं.

निष्पत्ती

एप्रिलमध्ये एक पानी पत्र आलं: अमुक रेपोतील अमुक तारखेपर्यंतच्या कामावर कंपनीचा कोणताही दावा नाही, यापुढे कंपनीची साधनं अशा कामाला वापरू नयेत. पाव्हण्यानं त्याची प्रिंट काढून ट्रंकेत, पत्रिकांच्या वर ठेवली.

ज्या प्रस्तावावरून एवढं झालं, तो अकरा आठवड्यांत दुसऱ्या कंपनीकडे गेला होता. बाहेरच्या तिघांपैकी दोघांनी पुन्हा कधी काही पाठवलं नाही. मुद्रितशोधक काका टिकले. पत्र आल्याचं कळवल्यावर त्यांचं उत्तर आलं: ‘छान. आता ‘तऱ्हा’ तपासा, तुमच्याकडे दोन जागी अजून तर्हाच होतंय.’

२०२३ मध्ये पाव्हणा दुसऱ्या कंपनीत गेला. जाण्याआधी नव्या करारातल्या अशाच कलमावर त्यानं एचआरला मेल केला आणि आधीच्या कामांची यादी जोडून घेतली. बऱ्याच करारांत अशा यादीसाठी शेवटी कोरं परिशिष्ट असतं. आमच्या चौतीस पानांतही ते होतं, पान बत्तीस. त्यावर त्याची सही आहे आणि वर रिकामे रकाने.

अण्णांचा छापखाना चालू आहे. जुना मजकूर आता साध्या मशीनवर उघडतो.

वेगळं काय करता आलं असतं

सहीच्या दिवशी चौतीस पानं वाचायची अपेक्षा बावीस वर्षांच्या मुलाकडून ठेवणं मला तरी ढोंगीपणाचं वाटतं. मागे रांग असते, बापाला फोन करून ‘लागलो’ सांगायचं असतं. पण करार आदल्या रात्री मेलनं पाठवता येतो, आणि त्यातलं बौद्धिक संपदेचं एक पान कुणीतरी मराठीत समजावून सांगू शकतो. आमच्याकडे ते कुणी करत नव्हतं.

लॅपटॉपबद्दल पाव्हणा म्हणतो, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. खरं आहे, एप्रिल २०२० मध्ये तालुक्याला नवा पीसी मिळत नव्हता. पण जूनमध्ये दुकानं उघडली होती आणि तो पुढं सात महिने कंपनीचाच वापरत राहिला. हे मी त्याला बोललो, आणि त्याला ते पटत नाही. त्याचं म्हणणं, त्या पैशात आधी कर्जाचा हप्ता गेला. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माझ्या ‘कोण विचारतंय’बद्दल मात्र वाद नाही. त्या जागी दोन ओळींचा मेल लीगलला टाकला असता तर तेव्हा दोन आठवड्यांत परवानगी मिळाली असती असं मला वाटतं, कारण तेव्हा त्या कोडची कुणाला किंमत नव्हती. आणि बैठकीत टूलची फुशारकी मारण्याआधी त्यालाच विचारायला हवं होतं. त्याची वस्तू मी टेबलावर ठेवली, त्याच्या गैरहजेरीत.

हल्ली नवी मुलं रुजू होतात तेव्हा मी एचआरकडून तासभर मागून घेतो. ते एक पान उघडतो, मोठ्यानं वाचतो, बत्तिसावं पान दाखवतो, आणि विचारतो, तुमचं आधीपासूनचं काय काय आहे ते इथं लिहा. बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. गेल्या खेपेला लातूरकडची एक मुलगी बराच वेळ पेन धरून बसली होती. शेवटी म्हणाली, “सर, आईचं आणि माझं यूट्यूब चॅनल आहे, रेसिपींचं. एडिटिंग मी करते. ते पण लिहू का?”

मी म्हणालो, लिही. आणि लीगलला मेल टाकला. अजून उत्तर यायचंय.